एकास पस्तीस

वरच्या मजल्यावरचा निषाद
बुटाच्या खोक्यात रणगाडा घेऊन आला.
टी-पंचावन्न. एकास पस्तीस.
नळी सोडली तर माझ्या वितीत मावणारा.
"आजोबा, याला जुना करायचाय."

मला हसू आलं.
एकतीस वर्षं खडकीच्या वर्कशॉपात
नेमकं उलटं काम केलं मी.
भोंगा व्हायच्या आत दापोडीहून पुलावरून सायकल,
मग दिवसभर खरवडणं:
गंज, ग्रीस, कुणाच्या तरी चहाचा सुकलेला ओघळ.
लोखंड उघडं पडलं की अस्तर,
अस्तरावर हिरवा, दोन हात.
फाटकाबाहेर पडणारा प्रत्येक गाडा
कालच जन्मल्यासारखा.

आणि हा पोरगा चार केसांच्या ब्रशनं
गंज लावायला निघालाय.

हिरवा त्याचा छान बसला होता, मान्य.
पण ओरखडे सगळीकडे सारखे,
पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे.
"असं नसतं रे. रंग जातो
तो माणसांच्या वाटेनं.
इथे मडगार्डवर चढताना बूट पडतो.
इथे झाकणाची कड, उतरताना धरायची.
डिझेलचा ओघळ टाकीच्या तोंडाखालीच.
काजळी डाव्या अंगाला, धूर तिकडून निघतो.
जिथे कुणाचा हात पोचत नाही
तिथला रंग भंगारात जाईपर्यंत नवाच."

भांड्यांच्या घासणीचा तुकडा तोडला,
तपकिरी रंगात बुडवून
पेपरवर टिपत टिपत जवळजवळ कोरडा केला,
आणि कडांना नुसता टेकवला.
टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तेलरंग
बोल्टच्या मुळाशी एक थेंब सोडला,
तो आपला आपण खाचेखाचेतून धावत गेला.
निषाद म्हणाला, "ओह."
मोबाइल खाली ठेवला त्यानं.

धुळीपाशी अडलं.
आपली धूळ करडी, मेट्रोच्या कामापासून सिमेंटची.
ते गाडे यायचे बाडमेरकडून,
पट्ट्यांच्या सांध्यांत फिकट पिवळी रेती घेऊन,
आम्ही टोपल्या भरभरून झाडायचो.
तो रंग आता कुठला?
मग शालनच्या डब्यातली मुलतानी माती आठवली.
"माझ्या तोंडाची माती
रणगाड्याच्या तोंडाला?" ती म्हणाली,
पण चहाची जुनी गाळणी तिनंच काढून दिली.

साडेदहाला निषाद जेवायला वर गेला.
मी झाकणाचा तुकडा चिमट्यात धरला.
रुपयाहून लहान. आतली बाजू, पांढरी.

ब्याऐंशीच्या सुमाराला एक गाडा आला होता,
त्याच्या झाकणात आतून खिळ्यानं कोरलेलं:
रजा.
'छुट्टी' नाही, 'रजा'. म्हणजे आपल्याकडचाच कुणी.
खाली चौदा उभ्या रेघा.
नऊ खोडलेल्या.
मी फोरमनकडे पाहिलं,
फोरमननं घड्याळाकडे.
वायर ब्रश, अस्तर, पांढरा, दोन हात.
संध्याकाळी तपासणीची सही झाली.

सुईला टोक होतं. हात मात्र हल्ली कापतो.
चौदा रेघा कशाबशा बसल्या,
अक्षरं मावेनात, ती सोडून दिली.
नऊ खोडल्या.
दहावीवर सुई टेकवून
बराच वेळ बसलो.
शालननं आतून विचारलं, दिवा मालवू का.
सुई रिळाच्या डब्यात परत ठेवली.

सकाळी निषाद गोंदाची ट्यूब घेऊन उभा:
"आजोबा, झाकण बंद चिकटवू की उघडं?
बंद जास्त नीट दिसेल."

"उघडं ठेव," म्हटलं.
"आत रंगाचा वास कोंडतो."